आंबलेला द्राक्षारस : दुकानातील बाटली आणि वेदीवरील चषक

पवित्र शास्त्रात द्राक्षारसाचा उल्लेख आरंभापासून अखेरपर्यंत आढळतो. नोहाने द्राक्षमळा लावला (उत्पत्ती ९:२०), दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला (लूक १०:३४), गालीलातील काना गावी प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला (योहान २:१-११) आणि अखेरच्या भोजनाच्या वेळी तोच द्राक्षारस हाती घेऊन त्याने नव्या कराराचा चषक आपल्या शिष्यांना दिला. बिघडलेल्या द्राक्षारसाचेही शास्त्राला विस्मरण झालेले नाही. आपल्या मराठी बायबलमध्ये त्याला 'आंब' असा अर्थवाही शब्द आहे. क्रुसावर खिळलेल्या प्रभूला शिपायांनी आंब देऊ केली, असे संत लूक सांगतो (लूक २३:३६).

पूर्वी द्राक्षारस ज्याने पिळला त्याच्या हातूनच तो घरात किंवा मठात येत असे. आज तो बहुतांशी दुकानातून येतो. नाताळच्या किंवा लग्नाच्या मेजवानीसाठी आणलेली बाटली उघडावी आणि आतून शिरक्याचा उग्र वास यावा, असा अनुभव अनेक कुटुंबांच्या वाट्याला येतो. असे झाल्यास काय करावे? दुकानदाराकडे तक्रार करणे योग्य आहे काय? आणि असाच बिघडलेला द्राक्षारस अनवधानाने वेदीवर आला, तर त्या मिस्साबलिदानाचे काय? हे प्रश्न वरकरणी लहान वाटले, तरी एकाचा संबंध सातव्या आज्ञेशी आहे आणि दुसऱ्याचा ख्रिस्तसभेच्या सर्वांत पवित्र संस्काराशी आहे. म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

द्राक्षारस का बिघडतो?

द्राक्षाच्या रसातील साखरेचे किण्वाच्या साहाय्याने मद्यार्कात रूपांतर होते आणि द्राक्षारस तयार होतो. परंतु निसर्गाचे कार्य तेथे थांबत नाही. द्राक्षारसाला हवा मिळाली की 'ॲसेटोबॅक्टर' नावाचे सूक्ष्म जिवाणू हवेतील प्राणवायूच्या मदतीने मद्यार्काचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करू लागतात. हेच आम्ल म्हणजे शिरक्याचा आंबटपणा. 'व्हिनेगर' हा शब्दही 'आंबट द्राक्षारस' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून आला आहे.

या प्रक्रियेचे शास्त्रीय कारण प्रथम उलगडून दाखविण्याचे श्रेय लुई पाश्चर या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाला जाते. फ्रान्समधील द्राक्षारस मोठ्या प्रमाणावर बिघडू लागल्यामुळे १८६३ साली सम्राट तिसरा नेपोलियन याने त्याला संशोधन करण्याची विनंती केली. पाश्चरने जुरा प्रदेशातील आर्ब्वा या गावी अभ्यास करून, द्राक्षारसाचे निरनिराळे 'रोग' हे निरनिराळ्या सूक्ष्म जंतूंमुळे होतात असे दाखविले आणि १८६६ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. द्राक्षारस सुमारे ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापविल्यास हे जंतू मरतात, हा त्याचा शोध पुढे दुधासाठीही उपयोगी पडला. आज आपल्या घरी येणाऱ्या पाश्चरीकृत दुधाचे मूळ असे द्राक्षारसाच्या पिंपात आहे.

आंबणे हा बिघाडाचा एकच प्रकार होय. अन्य प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला प्रकार हवेने विटण्याचा. बूच सैल असल्यास किंवा बाटली वर्षानुवर्षे उभी ठेवल्यामुळे बूच वाळून आकसल्यास हवा आत शिरते. पांढरा द्राक्षारस गडद पिवळा वा तपकिरी होतो, लाल द्राक्षारसाला विटकरी छटा येते आणि फळाचा ताजा सुगंध नाहीसा होतो.

दुसरा प्रकार बुचाच्या दोषाचा. बूच एका प्रकारच्या ओक वृक्षाच्या सालीपासून तयार करतात. या सालीतील बुरशी आणि क्लोरीनयुक्त द्रव्ये यांच्या संयोगातून एक रसायन निर्माण होते. एका लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी द्राक्षारसाला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट तळघराचा वास येतो. त्यापासून प्रकृतीला अपाय नाही, मात्र चव पूर्णपणे मारली जाते. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत हा दोष क्वचितच आढळतो.

तिसरा प्रकार उष्णतेचा. आपल्या हवामानात याकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. नाशिकच्या मळ्यातील असो वा परदेशातून आलेला असो, द्राक्षारसाला १२ ते १५ अंश तापमानाची थंड, अंधारी जागा मानवते. एप्रिल-मे महिन्यांत बंद टेम्पोतून आलेली किंवा दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली आतून तापते. द्रव प्रसरण पावून बूच वर सरकते, कडेने रस झिरपतो आणि रसाला उकळलेल्या फळासारखी चव येते.

चौथा प्रकार बाटलीतच पुन्हा आंबवण सुरू होण्याचा. रसात साखर व जिवंत किण्व शिल्लक राहिले असल्यास साधा द्राक्षारस गढूळ होतो आणि त्याला फेस येऊ लागतो.

बिघाड कसा ओळखावा?

बाटली उघडण्यापूर्वी तिचे नीट निरीक्षण करावे. बूच वर आलेले आहे काय, झाकणाखाली चिकट ओघळ दिसतो काय, रस नेहमीच्या पातळीपेक्षा कमी आहे काय, हे पाहावे. सील तुटलेले असल्यास ती बाटली विकतच घेऊ नये. परवाना नसलेल्या विक्रेत्याकडून आलेल्या किंवा रसायनासारखा वास येणाऱ्या बाटलीतील द्रव चाखूनही पाहू नये. तेथे प्रश्न चवीचा नसून जिवाचा असतो.

सीलबंद बाटली उघडल्यावर थोडा रस स्वच्छ पेल्यात घेऊन प्रथम वास घ्यावा. शिरक्याचा किंवा नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखा वास आल्यास रस आंबू लागला आहे असे समजावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आल्यास दोष बुचाचा आहे. काडी ओढल्यासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा मंद वास मात्र गंधकामुळे येतो. पेला काही वेळ हवेत ठेवल्यास तो बहुधा निघून जातो आणि रस पिण्यायोग्य असतो.

निर्दोष द्राक्षारसाला दोषी ठरविण्याची घाईही करू नये. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले, तर ती काच नव्हे. द्राक्षात मुळातच असणाऱ्या टार्टारिक आम्लाचे ते क्षार असतात आणि थंडीमुळे खाली बसतात. जुन्या लाल द्राक्षारसातील साकाही स्वाभाविक आहे. बाटली काही तास उभी ठेवून वरचा रस हळुवार ओतून घ्यावा. गोड पोर्ट वाईनची सवय असलेल्या जिभेला कोरडा द्राक्षारस आंबट व तुरट लागतो. तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

दुकानदाराकडे तक्रार करावी काय?

आपल्या समाजात मद्याविषयी संकोच आहे आणि तो अकारण नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक धर्मग्रामाने पाहिली आहेत. द्राक्षारस मर्यादेत घेतला तर आनंद देतो आणि अतिरेकाने कडूपणा व कलह आणतो, हे बेनसिराच्या ग्रंथात फार पूर्वी सांगितले आहे (बेनसिरा ३१:२५-३१). या संकोचामुळे अनेक जण बिघडलेली बाटली मुकाट्याने मोरीत ओततात. 'वाईन शॉपमध्ये जाऊन भांडण कोणी करावे?' असा विचार केला जातो. परंतु कायदेशीर परवाना असलेल्या दुकानातून रीतसर पैसे मोजून घेतलेली वस्तू सदोष निघाली, तर ती परत करण्यात लाजण्यासारखे काही नाही. तक्रार म्हणजे भांडण नव्हे. दुकानदारालाही आपल्या गोदामातील दोष कळणे हिताचे असते. त्याच पेटीतील उरलेल्या बाटल्या दुसऱ्या कुटुंबाच्या घरी जाणार असतात.

याकरिता काही गोष्टी पाळाव्यात. खरेदीच्या वेळी पावती मागून घ्यावी. बिघाड लक्षात येताच बाटली रिकामी न करता, उरलेल्या रसासह आणि बुचासह बंद करून थंड जागी ठेवावी. लेबलवरील उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक यांचे छायाचित्र घ्यावे. शक्यतो दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन दोष सौम्य शब्दांत सांगावा आणि दुकानदारालाही वास घेण्यास द्यावा. बहुतेक प्रसंगी प्रश्न येथेच सुटतो.

'दारूची बाटली एकदा विकली की परत घेता येत नाही', असे उत्तर कधी कधी मिळते. अशा वेळी ती वितरकाकडे किंवा उत्पादकाकडे पाठविण्याची विनंती करावी आणि लेबलवरील पत्त्यावर स्वतःही लिहावे. तरीही दाद न मिळाल्यास कायदा आपल्या बाजूने आहे. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. पावती न देणे, तसेच सदोष माल पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, यांची गणना तो अनुचित व्यापारी प्रथांत करतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठी तेथे शुल्क द्यावे लागत नाही. काहीशे रुपयांच्या एका बाटलीसाठी आयोगापर्यंत जाण्याची वेळ सहसा येणार नाही. परंतु आपला हक्क ठाऊक असलेला मनुष्य अधिक शांतपणे बोलू शकतो, हेही खरे.

सातव्या आज्ञेला दोन बाजू आहेत, याचा येथे विसर पडू नये. खरी तराजू व खरी मापे ठेवा, अशी आज्ञा परमेश्वराने मोशेद्वारे दिली (लेवीय १९:३५-३६). निकस धान्य विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने कोरडे ओढले (आमोस ८:४-६). बिघडलेला माल जाणूनबुजून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे हे पाप आहे. त्याचप्रमाणे तीन-चतुर्थांश बाटली आनंदाने संपवून 'ती खराब होती' असे म्हणणे, किंवा आपल्याच घरात आठवडाभर उन्हात राहिलेल्या बाटलीचा दोष दुकानदाराच्या माथी मारणे, हेही असत्यच होय. केवळ चव आवडली नाही म्हणून पैसे परत मागण्याचा हक्क आपल्याला नाही.

वेदीवरील द्राक्षारसाविषयी ख्रिस्तसभा काय शिकविते?

घरातील बाटली बिघडली तर मेजवानीचा विरस होतो. वेदीवरील द्राक्षारस बिघडला तर प्रश्न संस्काराचाच असतो, कारण प्रभूने ज्या चिन्हांची निवड केली ती बदलण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ व्या नियमानुसार मिस्साबलिदानासाठी वापरला जाणारा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षापासूनच तयार झालेला आणि न बिघडलेला असला पाहिजे. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३२२ व्या परिच्छेदात त्यात कोणताही परका पदार्थ मिसळलेला नसावा असे सांगितले आहे आणि ३२३ व्या परिच्छेदात द्राक्षारसाचा शिरका होऊ नये म्हणून काळजी घेण्यास बजाविले आहे. २५ मार्च २००४ रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'रिदेम्प्सियोनिस साक्रामेंतुम' या सूचनापत्राने आणखी एक स्पष्टता आणली. ज्या द्राक्षारसाच्या शुद्धतेविषयी वा उगमाविषयी शंका आहे, तो वापरण्यास त्यात सक्त मनाई आहे (परिच्छेद ५०).

दुकानातून होणाऱ्या खरेदीचा प्रश्नही ख्रिस्तसभेच्या नजरेतून सुटलेला नाही. उपासनाविषयक व्हॅटिकन खात्याने १५ जून २०१७ रोजी जगातील सर्व बिशपांना पत्र लिहिले. मिस्सासाठी लागणारी भाकर व द्राक्षारस पूर्वी धर्मभगिनींच्या मठांत व तत्सम संस्थांत तयार होत असत, आता ते सुपरमार्केटमध्ये, अन्य दुकानांत आणि इंटरनेटवरही विकले जातात, याकडे त्या पत्राने लक्ष वेधले. म्हणून त्यांच्या शुद्धतेची खात्री कशी करावी, याविषयी बिशपांनी मार्गदर्शन करावे आणि आवश्यक तेथे प्रमाणपत्राची व्यवस्था करावी, असे त्यात सुचविले आहे.

'बिघडलेला' म्हणजे नेमका किती बिघडलेला, याचाही विचार ख्रिस्तसभेने शतकानुशतके केला आहे. तेराव्या शतकातील महान ईशज्ञानी संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलोजिए' या ग्रंथात यासंबंधी विवेचन केले. पूर्ण शिरका झालेला द्राक्षारस पुन्हा द्राक्षारस होऊ शकत नाही, त्याची प्रकृतीच बदललेली असते, म्हणून त्याचे पवित्रीकरण होऊ शकत नाही. आंबू लागलेला परंतु अद्याप द्राक्षारसच असलेला रस संस्कारासाठी ग्राह्य ठरतो, मात्र तो जाणूनबुजून वापरणारा धर्मगुरू दोषी ठरतो. १५७० च्या रोमन मिस्सा-ग्रंथातही हाच भेद केलेला आहे.

यावरून तीन पायऱ्या लक्षात येतात. चांगला द्राक्षारस वापरावा, ही पहिली. आंबू लागलेला द्राक्षारस बाजूला ठेवावा, कारण संस्कार वैध होत असला तरी प्रभूपुढे असे दान ठेवणे अनादराचे आहे, ही दुसरी. शिरका झालेल्या द्राक्षारसाने संस्कारच घडत नाही, ही तिसरी. बुचाचा वास लागलेल्या रसाचे द्राक्षारसपण नष्ट होत नाही. तथापि दुसरी बाटली उपलब्ध असताना तो वेदीवर नेण्याचे कारण नाही. आंधळे व लंगडे पशू अर्पण करणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्याने जो जाब विचारला (मलाखी १:८), तो येथेही आठवावा.

मिस्सा चालू असताना लक्षात आले तर?

पवित्रीकरणापूर्वी दोष लक्षात आल्यास धर्मगुरूने तो रस बाजूला ठेवून चषकात दुसरा द्राक्षारस व थोडे पाणी घ्यावे, एवढेच. पवित्रीकरणानंतर किंवा ख्रिस्तप्रसाद ग्रहण करताना चषकात द्राक्षारसाऐवजी पाणीच असल्याचे कळले तर काय करावे, हे सर्वसाधारण सूचनांच्या ३२४ व्या परिच्छेदात दिले आहे. ते पाणी दुसऱ्या भांड्यात काढावे, चषकात द्राक्षारस व पाणी घ्यावे आणि चषकाच्या पवित्रीकरणाचा भाग म्हणावा. भाकरीचे पवित्रीकरण पुन्हा करावे लागत नाही. रस पूर्ण शिरका झालेला निघाल्यास हेच तत्त्व लागू होते.

यावरून भाविकांच्या मनातील एका शंकेचे निरसन होते. 'त्या दिवशी द्राक्षारस बिघडलेला होता, मग आम्हाला मिळालेला ख्रिस्तप्रसाद खरा होता काय?' पवित्र भाकरीच्या रूपात ज्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला, त्यांना संपूर्ण ख्रिस्त लाभला आहे. भाकर व द्राक्षारस यांपैकी प्रत्येक रूपात प्रभू पूर्णत्वाने उपस्थित असतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण होय. म्हणून कोणी व्याकूळ होऊ नये. कोणा भाविकाला किंवा वेदीसेवकाला असा दोष जाणवल्यास त्याने मिस्सानंतर धर्मगुरूंना एकांतात सांगावे. चर्चच्या आवारात त्याची चर्चा करून धर्मगुरूंची किंवा साक्रिस्तानची चेष्टा करू नये. शंका गंभीर असल्यास प्रमुख धर्मगुरू बिशपांचे मार्गदर्शन घेतील.

वस्त्रागारातील दक्षता

बहुतेक वेळा द्राक्षारस दुकानात बिघडत नाही, आपल्याच कपाटात बिघडतो. मोठ्या धर्मग्रामात रोज दोन-तीन मिस्सा होतात आणि बाटली लवकर संपते. परंतु महिन्यातून एकदाच मिस्सा होणाऱ्या दूरच्या पाड्यावरील कपेलात उघडलेली बाटली पुढच्या महिन्यापर्यंत तशीच राहते. सर्वसाधारण द्राक्षारस उघडल्यावर फ्रीजमध्येही तीन ते पाच दिवसच चांगला राहतो. म्हणून साक्रिस्तान बंधू-भगिनींनी पुढील पथ्ये पाळावीत.

मिस्सा कमी असतील तेथे लहान बाटल्या घ्याव्यात. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर चिकटवावी. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावी. ती अर्धी झाल्यास उरलेला रस स्वच्छ, कोरड्या, लहान बाटलीत काठोकाठ भरावा, म्हणजे आत हवा राहणार नाही. कुपीतील उरलेला रस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये आणि जुन्या रसावर नवा रस ओतू नये, कारण शिरक्याचे जंतू जुन्या थेंबातून नव्या रसात जातात. कुप्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. मिस्सापूर्वी कुपी भरताना वास घेऊन पाहण्याची सवय लावावी. त्याला एक क्षण पुरतो.

काही भाविक प्रेमाने घरी केलेला द्राक्षारस चर्चमध्ये आणून देतात. वसईत आणि मुंबईतील ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळसाठी घरी वाईन करण्याची प्रथा आहे. या भावनेचा आदर केला पाहिजे. परंतु घरगुती वाईनमध्ये द्राक्षांबरोबर साखर, गहू, आले, मसाले किंवा जांभळासारखी अन्य फळे घातली जातात. म्हणून ती मिस्सासाठी चालत नाही. ती धर्मगुरूंच्या जेवणाच्या मेजावर शोभेल, वेदीवर नव्हे.

बिघडलेल्या रसाचे काय करावे?

पवित्रीकरण न झालेला द्राक्षारस हा साधाच द्राक्षारस असतो, मग तो वस्त्रागारातील का असेना. तो मोरीत ओतण्यात कोणताही अपराध नाही. स्वच्छ आंबलेला रस मांस मुरविण्यासाठी वापरता येतो. गोव्याच्या 'विंदालू'चे नाव द्राक्षारस आणि लसूण यांवरून आलेल्या पोर्तुगीज शब्दांतून घडले आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. मात्र अर्धवट आंबलेल्या रसात लोणचे टिकविण्याइतके आम्ल नसते, म्हणून तो साठवणीच्या पदार्थांत वापरू नये. बुरशी आलेला किंवा बाटलीतच पुन्हा आंबून गढूळ झालेला रस फेकून द्यावा.

पवित्रीकरण झालेल्या ख्रिस्तरक्ताबाबत मात्र वेगळा नियम आहे. ते मिस्साच्या वेळीच पूर्णपणे ग्रहण केले पाहिजे. ते जमिनीवर वा मोरीत ओतणे हा ख्रिस्तसभेच्या दृष्टीने अतिशय गंभीर अपराध आहे. एकच पेय, परंतु पवित्रीकरणापूर्वी आणि पवित्रीकरणानंतर त्याच्याशी आपले वागणे किती भिन्न असते, यातच आपली श्रद्धा प्रकट होते.

द्राक्षारस हे धरणीने दिलेले आणि माणसाने राबून तयार केलेले दान आहे. द्राक्षमळ्यातील मजूर, तो रस गाळणारे कामगार, तो विकणारा दुकानदार, तो जपणारा साक्रिस्तान आणि तो अर्पण करणारा धर्मगुरू यांपैकी प्रत्येकाने आपले काम प्रामाणिकपणे केले तरच तो निर्दोष अवस्थेत चषकापर्यंत पोहोचतो. काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने चाखलेला द्राक्षारस उत्तम होता, कारण प्रभू जे देतो ते उत्तमच देतो. आपणही त्याच्या वेदीवर आणि आपल्या पाहुण्यांच्या पुढे उत्तम तेच ठेवू या. प्रत्येक धर्मग्रामाच्या उपासना समितीने येत्या बैठकीत वस्त्रागारातील कपाट एकदा उघडून पाहावे, बाटल्यांवरील तारखा वाचाव्यात आणि हे काम कोणाचे, ते ठरवून घ्यावे.